सुकटीच्या वासाची जीप

माझ्या जीपला सुकटीचा वास येतो आणि त्यात माझी काडीचीही चूक नाही. हे मी बायकोला, शेजाऱ्यांना आणि गाडी धुणाऱ्याला सांगून दमलो आहे. तिघांनीही नाकाला रुमाल लावूनच ऐकून घेतलं.

आमच्या रत्नागिरीत मे महिन्यात जीपवाल्या मंडळींची सड्यावर शर्यत असते. सडा म्हणजे जांभ्याचा उघडाबोडका कातळ. त्यावरून गाडी हाकली की पोटातलं जेवण घशात येतं आणि घशातलं डोक्यात जातं! म्हणून यंदा नियम निघाला : हार्नेस नसेल तर गाडी जागची हलणार नाही. हार्नेस म्हणजे खांद्यांवरून दोन, कमरेवरून दोन असे पट्टे घेऊन मध्ये एका बक्कलात अडकवायचे. गेल्या वर्षी मी शेवटून पहिला आलो होतो (गाडीत जोर नव्हता. गाडीत!). त्यामुळे यंदा काहीही करून मला शर्यतीत उतरायचंच होतं.

महिनाभर मी मोबाइलवर फक्त हार्नेस बघत होतो.

"हा बघ, पाच पट्ट्यांचा," मी बायकोला, म्हणजे सुलभाला दाखवलं. "पाचवा पट्टा पायांमधून वर येतो."

"आणि असे तुम्ही चारचौघांत बसणार?"

चार पट्ट्यांचा घेतला.

तो बसवायला मिरजोळ्याच्या एमआयडीसीत बाळू वेल्डरकडे गेलो. जीपवर पाइपांचा पिंजरा चढवायचा, खांद्याचे पट्टे मागच्या आडव्या पाइपला बांधायचे, कमरेचे खाली चासीला बोल्टनं आवळायचे. एवढं साधं काम! पण बाळूचा जन्म गेला खिडक्यांची ग्रिलं करण्यात.

"पिंजऱ्यात मोर टाकू काय? छान दिसंल."

"मोर नको!"

"मग स्वस्तिक?"

"बाळू, शर्यतीची गाडी आहे, देवघर नाही!"

मग मापाची वेळ आली. कमरेचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर हवा, असं मी त्याला वाचून दाखवलं. बाळूनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हाड कुठाय?"

शेवटी मी दोन्ही हातांनी पोट वर उचलून धरलं, तेव्हा कुठे हाड सापडलं. पट्टा नियमात बसला. पोट खाली सोडल्यावर बक्कल मात्र त्याच्याखाली गडप झालं. मला ते दिसेना, हाताला लागेना. घरी आल्यावर सुलभानं खाली वाकून ते सोडवलं आणि पुढचा तासभर ती हसत होती.

शनिवारी आत्येचा फोन आला. आत्या पावसच्या बाजूला राहते. तिच्याकडे फोनला रेंज कमी आणि आत्येला उत्साह जास्त.

"काय करतोस रे?"

"जीपला हार्नेस बसवलाय, आत्ये!" मी अभिमानानं सांगितलं.

"काय? हर्णेस? जीपनं?"

"हो, हो, जीपलाच! चारही सीटना सोय केलीय."

"निघायचं कधी?"

"उद्या सकाळी सातला!"

"मेल्या, आधी नाय सांगायचं? येत्ये हां मी!"

मला वाटलं, शर्यत बघायला येतेय. माझा ऊर भरून आला!

रविवारी सकाळी मी हेल्मेट घालून, पट्टे आवळून अंगणात जीपमध्ये बसलो होतो. इतक्यात फाटकातून आत्या आली. मागे तिची जाऊ, तिच्या मागे शेजारीण. तिघींच्या हातांत रिकाम्या गोणी आणि पाट्या!

"चल, हर्णेस!" आत्या म्हणाली. "हर्णेच्या बंदरावरनं आगोटीची सुकी मासळी भरून ठेवूया. एकदा पाऊस लागला की कुठलं काय?"

"आत्ये, हर्णेस नव्हे! हार्नेस! हा बघ, हा पट्टा!"

"तेच तर म्हणत्ये मी. हर्णेस."

मी पुन्हा तोंड उघडलं. पण आत्येनं डोळ्यांना पदर लावला होता. "मुंबईच्या पोरांना दरवर्षी सांगत्ये, एकदा हर्णेस न्या. कोणी नाय नेलं. तू न सांगता गाडी काढलीस हो!"

आता बोला! मी मदतीसाठी दारातल्या सुलभाकडे पाहिलं.

"जा हो," ती म्हणाली. "शर्यत काय, पुढल्या वर्षीही असते."

मला रडू आलं, खरंच. हेल्मेटमुळे कोणाला दिसलं नाही.

गुहागरमार्गे निघालो. वाटेत दोनदा जीप फेरीबोटीत घातली. तिघी उतरून कठड्याशी वारा खात उभ्या राहिल्या. मी मात्र जीपमध्ये जखडलेला! बोट बुडाली असती तर मी संपूर्ण सुरक्षिततेसह तळाला गेलो असतो.

"उतर ना रे!" आत्या ओरडली.

"बक्कल सापडत नाही!"

"कुठाय ते?"

"पोटाखाली!"

"मग राहा तसाच," असं म्हणून तिनं बाहेरूनच मला वडा भरवला.

हर्णेत तर कहरच झाला. मासळीवाल्या बायका जीपभोवती गोळा झाल्या. "ह्याला बांधून का आणलाय गो?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "कोयती आणू काय? पट्टा कापून टाकू!"

"खबरदार!" मी किंचाळलो. इतक्या खटपटीनं बसवलेला हार्नेस आणि त्याला कोयती?

"असूदे," आत्या म्हणाली, "बांधलेला आहे तेच बरं." आणि तिनं सुकटीची पहिली पाटी माझ्या मांडीवर ठेवली. मग सोडे आले, बोंबील आले, सुके बांगडे आले. येताना तिघी दाटीवाटीनं बसल्या आणि रिकाम्या सीटवर बोंबलांची गोण चारही पट्ट्यांत आवळून बसवली. वाटेत तिच्यातला एकही बोंबील हलला नाही. हार्नेस उत्तम बसला होता, एवढं मला मान्य करावंच लागेल.

घरी आल्यावर सुलभानं नाक दाबून मला सोडवलं. शर्यत केव्हाच संपली होती. यंदा शेवटून पहिला दुसराच कोणीतरी आला, आणि ती जागासुद्धा माझ्या हातून गेली याचा मला अजून राग आहे!

त्या दिवसापासून मी 'हार्नेस' हा शब्दच टाकला. परवा आत्येचा फोन आला तेव्हा शुद्ध मराठीत, सावकाश आणि मोठ्यानं सांगितलं, "आत्ये, आता मी पट्टा बांधल्याशिवाय घराबाहेर पडत नाही!"

"बरं करतोस हो," आत्या म्हणाली. "आणि सोडते कोण? सुलभाच ना?"