उपाशी खडपावरचा रस्ता

सुगराबीला हसताना मी फार पाहिलं नाही. तिचा राग मात्र पाहिला आहे, आणि तो रास्त होता हे आजही छातीठोकपणे सांगते. कुवेतमधल्या ज्या हॉस्पिटलात मी लॅब टेक्निशियन होते, तिथे ती आया होती. मी पुण्याची शामला, ती रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावची. नवरा बदरुद्दीन जहाजावर वारला, मूलबाळ नाही. गावी उरली होती एकटी नणंद झुलेखा, नवऱ्याने टाकलेली. तिचं पोट घरापुढच्या खाजणावर चालायचं. भरतीचं खारं पाणी येऊन जातं अशी ती चिखलाची, तिवरांच्या झुडपांनी भरलेली जमीन. ओहोटी लागली की बायका तिथे तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या वेचत, खडकांवरची कालवं फोडत.

दुपारी चहाला बसलो की सुगराबी मला ते खाजण फिरवून आणायची. तिथे प्रत्येक वळणाला नाव होतं. ‘पिल्लांची कोंड’ म्हटलं की त्या डोहात जाळं टाकायचं नाही. ‘उपाशी खडप’ म्हटलं की घरात दाणा नसेल त्याच दिवशी त्या खडकावरची कालवं काढायची, एरवी हात लावायचा नाही. ना कुठे पाटी, ना राखणदार. पोरं बोलायला लागली की ही नावं शिकत, आणि नावाबरोबर काय करायचं नाही तेही शिकत.

गावातले निम्मेअधिक पुरुष कुवेतमध्ये होते. तिथल्या राई भागात त्याच गावच्या इद्रीसभाईंचं मोटारींच्या सुट्या भागांचं गोदाम होतं. दर शुक्रवारी नमाजानंतर त्याच्या मागच्या खोलीत गावची जमात, म्हणजे तिथल्या मुसलमानांची पंचायत बसायची. मशिदीचे पत्रे, शाळेची भिंत, विहिरीवरचा पंप, सगळं तिथे ठरायचं. समुद्रापार बसून गाव चालवायचं, ही त्यांची रीत. गावात राहणाऱ्या बायकांना विचारावं, असं कुणाच्या डोक्यात येत नसे. सुगराबी त्या बैठकीचं जेवण रांधायची.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात जमातीने ठरवलं, खाजण बुजवायचं. भराव टाकून दारापर्यंत मोटारीचा रस्ता, पुढे बंगल्यांसाठी मैदान. नकाशा भिंतीवर लावला होता आणि त्यात खाजणाच्या जागी लिहिलं होतं, ‘पडीक जागा’. ज्यांच्या आयांनी त्याच चिखलात गुडघाभर उभं राहून यांना वाढवलं, त्या लेकांनी हे लिहिलं. मला विचाराल तर खाजण त्या दिवशीच मेलं, मातीचे ट्रक मागाहून आले.

मी तिथे नव्हते. दुसऱ्या दिवशी सुगराबीनेच सांगितलं. मटणाचा डाव हातात तसाच घेऊन ती पडद्यामागून बाहेर आली होती.

“पडीक कोनी म्हटलं हिला?”

“भाबी, चिखल तो. नुसते डास,” इद्रीसभाई म्हणाले.

“झुलेखा काय खाईल?”

“आम्ही आहोत ना. जमात देईल तिला.”

“आज ती कुनासमोर हात पसरत नाय. उद्या तुमी पसरायला लावनार.”

मागून कुणीतरी म्हणालं, आज मटणात मीठ कमी पडलंय. सगळे हसले. मग हात वर झाले, आणि एकही खाली राहिला नाही. गाव करील ते राव काय करील म्हणतात. इथे चार रावच गावाच्या नावाने हात वर करत होते.

इद्रीसभाई दुष्ट नव्हते, आणि मला त्याचीच जास्त चीड येते. दुष्टाशी निदान भांडता तरी येतं. ते समजुतीने म्हणाले, “भाबी, रस्त्यावर संगमरवरी पाटी लागणार. सगळ्यांत वर बदरुद्दीनचं नाव घालू.”

“कबरीवर पुरलेल्याचं नाव लिवतात, इद्रीसभाय. पिल्लांची कोंड लिवा, उपाशी खडप लिवा. माज्या मानसाचं नाव त्या दगडावर घातलंत तर मी दगड फोडीन.”

डाव तिथेच ठेवून ती निघून आली. पुन्हा तिने त्यांच्यासाठी चूल पेटवली नाही. जमातीचं काही अडलं नाही, हॉटेलातून बिर्याणी येऊ लागली.

दोन वर्षांनी ती रजेवर गावी गेली. परत आल्यावर चहाच्या वेळी मीच विचारलं, झुलेखा कशी आहे.

“मोटार दारात जाऊन उभी ऱ्हायली,” ती म्हणाली. “घरात झुलेखा नाय. शेजारची पोर खेळत होती. तिला इचारलं, झुलेखाफूफी खय गेली? तर म्हनते, कुवेतात.”

“थट्टा करत असेल.”

“थट्टा नाय, शामलाबाय. त्या भरावाच्या मैदानाला गावात आता कुवेत म्हनतात. पोरीनं बोट दाखवलं. कडेला झुलेखा बसलेली, रिकामी टोपली घेऊन. बर्फाची मासळी घेऊन टेम्पो येतो, त्याची वाट बघत.”

मी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

“मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, झुले, हितंच ना ग आपली पिल्लांची कोंड? तर तिनं माजा हात दाबला. म्हनली, हळू बोल. पोरं हसतात.”