नर्सबाईंच्या गुणी नायिका

आमच्या वाशी गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाई आम्हा मुलींना मिशनच्या जुन्या कादंबऱ्या वाचायला द्यायच्या. परत घेताना पानं हुंगायच्या. फोडणीचा वास आला की पुढचं पुस्तक बंद. निजामाचं राज्य जाऊन शाळा मराठी झाली होती अन् मी मॅट्रिकला, म्हणजे स्वतःच्या मते मोठी टीकाकार. एकदा ऐटीत म्हटलं, "बाई, ही नायिका नुसती प्रार्थना करते अन् माफ करते. हिला राग येत न्हाय का?"

"येतो की. छापत न्हाईत."

तेवढ्यात एक सासू आली. आत खाटेवर तापानं फणफणलेल्या आपल्या ओल्या बाळंतीण सुनेला तिला खुरपणीला न्यायचं होतं. बाईंनी दारात स्टूल ओढलं, त्यावर ऐसपैस बसल्या अन् विणकाम काढलं. "न्या की. आधी मला उचला."

बाईंचा देह न्याहाळून सासू शेवटी एकटीच गेली.

मग बाईंनी मला त्या पोरीच्या खाटेशी बसवून तीच कादंबरी मोठ्यानं वाचायला लावली. अनाथ नायिकेचे हाल वाचताना टीकाकारबाई दोनदा नाक पुसायला थांबल्या. बाळंतीण मात्र छताकडं बघत म्हणाली, "लई नशिबाची हाय. सासू न्हाय तिला."