आत्याबाईंची हवेची गादी

आमच्याकडे गुरुवार म्हणजे लाईट जायचा वार. पिंपरी-चिंचवडात राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. कंपन्यांना गुरुवारची सुट्टी, म्हणून वीजवाल्यांनाही तारा-खांबांची कामं काढायला तोच दिवस बरा पडतो. बुधवारी रात्रीच मी वाटणं करून ठेवते, सकाळी लवकर टाकीत पाणी चढवून घेते. एखाद्या गुरुवारी लाईट गेलीच नाही तर चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, इतकी ती सवय.

पण आत्याबाई अंथरुणाला खिळल्यापासून मला गुरुवारची धास्ती वाटायला लागली. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, आमच्याकडची पद्धतच तशी. मूळच्या मावळातल्या, वय नव्वदीच्या घरात, जिभेला अजून गंज नाही. पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा चालल्या नाहीत. पडून पडून कंबरेखाली, माकडहाडापाशी जखम झाली. अशी जखम ज्या बाईनं धुतली-पुसली असेल तिलाच माझं म्हणणं कळेल. त्या कण्हायच्या नाहीत, नुसत्या उशीचं टोक दातात धरायच्या. मग ड्रेसिंगला येणाऱ्या नर्सनं हवेची गादी घ्यायला सांगितली. तिला आडव्या फुग्यांच्या ओळी असतात आणि पायथ्याशी एक छोटा पंप. तो एकदा या ओळीत हवा भरतो, एकदा त्या ओळीत, म्हणजे अंगाचा भार एका जागी राहत नाही. त्या गादीवर जखम भरत आली. कडा गुलाबी दिसायला लागल्या तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. नर्स म्हणाली, "काकू, आता खरी सांभाळायची वेळ आहे. कोवळी कातडी आहे. दिवसभर भार पडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात."

पंप विजेवर चालतो. लाईट गेली की इन्व्हर्टरवर. तो इन्व्हर्टरही आत्याबाईंच्याच खोलीत, त्यांच्या पलंगासमोर.

तर त्या गुरुवारी सकाळी मोबाइलवर मेसेज आला होता, नऊ ते पाच लाईट नाही. मी म्हटलं नसू दे, इन्व्हर्टर आहे. आणि लाईट गेली. पंखा थांबला, तो थांबलाच. एरवी इन्व्हर्टर टुक् करून सुरू होतो, पंख्याला कळतसुद्धा नाही. आज काही नाही. पंपाची घुरघुर बंद. खोलीत इतकं शांत झालं की मला गादीतून सुटणाऱ्या हवेचा आवाज ऐकू यायला लागला.

"अहो!" मी ओरडले. "अहो, इकडे या आधी!"

आमचे हे कंपनीच्या मेंटेनन्समधून रिटायर झालेले. जन्म गेला मशिनी दुरुस्त करण्यात. दाढीचा फेस तोंडाला तसाच घेऊन आले. पहिलं काम त्यांनी बरोबर केलं, ते मला कबूल करायलाच हवं. पंपाकडून गादीला जाणाऱ्या दोन नळ्या काढल्या, त्यांची तोंडं मुडपली आणि माझ्या केसांची रबरं त्यांना घट्ट गुंडाळली. "आता हवा लगेच नाही जायची. तोवर बघतो."

"तोवर म्हणजे किती?"

"अगं, बघू तर दे!"

मग सुरू झालं. बॅटरीची टोपणं बघितली, पाणी पुरेसं होतं. वायर जिथे बॅटरीला जोडलेली असते तिथे पांढरं-हिरवं काहीतरी फुललं होतं. "हेच! हेच आहे!" असं म्हणून माझ्याकडून गरम पाणी, खाण्याचा सोडा आणि जुना टूथब्रश मागून घेतला. घासलं, पुसलं, आवळलं. काही नाही. मागचा फ्यूज काढून उजेडात धरला, फुंकला, परत बसवला. काही नाही. मी मध्येच गादीवर तळहात दाबून बघत होते. सकाळी टणक होती, आता हात आत जात होता.

"पाठ टेकायला लागली का हो, आत्याबाई?"

"टेकतीय जराशी. तू नगं घाबरू."

त्या असं म्हणाल्या की मी जास्तच घाबरते.

शेवटी मीच कासारवाडीच्या बॅटरीवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे दुकानात नुसता गोंधळ. "काकू, आज गुरुवार आहे ओ, सगळ्या गावाचे इन्व्हर्टर आजच रुसतात! दुपारशिवाय नाही जमायचं. काका आहेत का? काका, पुढचं बटण चालू आहे ना?"

यांचा चेहरा असा झाला की काय सांगू. "अरे भाऊ, मी मेंटेनन्सला होतो! अख्खी लाइन सांभाळलीय. मला बटण विचारतोस?"

"तसं नाही काका, विचारावं लागतं."

"चालू आहे, चालू आहे!" हे म्हणाले आणि फोन कापला. वर मला म्हणतात, "आजकालची पोरं. बटण म्हणे."

मुलगा चाकणला नोकरीला, त्याच्या कंपनीत गुरुवारीसुद्धा ओव्हरटाइम, त्याला बोलावून उपयोग नव्हता. मी आत्याबाईंना कुशीवर वळवलं, पाठीमागे उशा लावल्या. पण ऑपरेशनची बाजू दुखते, त्यांना कुशीवर फार वेळ झेपत नाही. पाच वाजेपर्यंत असं कसं निभावायचं? मला रडूच यायला लागलं. ते लपवायला मी मोठ्यानं बोलले, "बाई गं, काय अवदसा आली या मेल्या इन्व्हर्टरला! परवापर्यंत चांगला होता!"

कुशीवर झाल्यामुळे आत्याबाईंचं तोंड आता बरोबर इन्व्हर्टरकडे आलं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "परवापतुर कुठला? दसऱ्यापास्नं निजलाय त्यो."

हे उकिडवे बसले होते, ते तसेच वळले. "म्हणजे?"

"आदी त्याचे दोन दिवे लागायचे. दसऱ्यापास्नं येकच लागतो. मी हितं दिसभर काय बगू मग? त्येच बगती."

आता इथे तुम्हाला थोडं मागे न्यावं लागेल. कंपनीत खंडेनवमी, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशीची हत्यारांची पूजा, फार मोठी. मशिनी पुसून लख्ख करायच्या, हार घालायचे, हळद-कुंकू, नारळ. त्या दिवशी घरच्या माणसांना आत सोडायचे. मी दर वर्षी नवी साडी नेसून जायची आणि यांचं डिपार्टमेंट बघायची, सगळं बंद, गप्प, झेंडूच्या वासाचं. हे त्या मशिनींकडे असे बघायचे, जशी पोरं निजलीत. रिटायर झाल्यावर ती पूजा घरी आली. माझी विळी, यांचे पाने-पक्कड, ड्रिल, स्कूटर, मिक्सर, आणि आत्याबाईंच्या खोलीतला इन्व्हर्टर. यंदा आत्याबाईंनी पलंगावरून हुकूम सोडला होता की पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला जुंपायचं न्हाई. त्यांच्या घरी नांगर असाच टेकवून ठेवत. मी खिचडी टाकली, विळीला हात लावला नाही. आणि त्यांच्या आज्ञाधारक चिरंजीवांनी, म्हणजे यांनी, इन्व्हर्टरचं बटण बंद केलं होतं.

गंमत अशी की बटण बंद असलं तरी लाईट असेपर्यंत घरात सगळं चालतं. पंखे, दिवे, पंप, सगळं. बॅटरीसुद्धा भरत राहते. फक्त लाईट गेली की तो उठत नाही. आणि सणांमुळे वीजवाल्यांनी कामं काढलीच नव्हती, त्यामुळे दसऱ्यानंतर एकाही गुरुवारी लाईट गेली नव्हती. घरात कोणाला कळणार?

हे वाकले. मीही वाकले. छोटंसं दाबायचं बटण, आणि त्यावर हळद-कुंकवाचं बोट वाळून बसलेलं, जसंच्या तसं, कुठेही न पुसलेलं. यांनी ते दाबलं. टुक्.

पंखा फिरला. हे लगेच पंपाकडे वळले. रबरं सोडवली, नळ्या पंपाला लावल्या, आणि घुर्र करून तो पंप सुरू झाला तेव्हा मी पुन्हा गादीवर तळहात ठेवला. गादीच्या ओळी एकेक करून वर यायला लागल्या आणि आत्याबाई उशांसकट हळूच उचलल्या गेल्या.

"अहो, पण आत्याबाई," मी म्हटलं, "तुम्हाला दिसत होतं तर इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, निजवलाय तर निजवलाय. ज्यानं पूजा केली त्यानंच हत्यार उचलायचं आसतं. मी कशापायी तोंड घालू?" मग लेकाकडे बघून, "आन् अरं, दसऱ्याला उठवायचं आसतं त्येला. मी निजवाया सांगितलं, कायमचं न्हाई."

"हो, आई," हे म्हणाले. दाढीचा फेस कानाजवळ वाळून गेला होता.

गादी पुन्हा टणक झाल्यावर आम्ही दोघांनी त्यांना सरळ केलं. पण त्याआधी मी लुगडं सारून जखमेची जागा बघितली. कातडी कोरडी होती. गुलाबी, कोवळी, कुठे लाल डाग नाही. बोटानं हलकेच दाबलं, आत्याबाई म्हणाल्या, "गुदगुल्या नगं करू." मला इतकं हसू आलं, आणि हसता हसता जे डोळ्यांतून आलं ते आलंच.

दुपारी वरण-भात भरवत होते तर बॅटरीवाल्याचा फोन. "काका, मोकळा झालो, येऊ का?"

हे खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "नको, नको. जमलं. ते जरा टर्मिनलला गंज होता, साफ केला."

"बटन बंद व्हतं म्हनावं!" आत्याबाई पलंगावरून ओरडल्या, तोंडात घास असताना.

फोनवर तो पोरगा हसला की नाही देव जाणे, हे मात्र बाल्कनीत निघून गेले. आत्याबाईंनी पुढचा घास मागितला आणि त्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त जेवल्या. त्यांच्याखाली तो पंप घुरघुरत होता आणि बाहेर अख्ख्या कॉलनीची लाईट अजून यायची होती.