पहिल्या किकला

वडील गेल्यापासून त्यांची मोटारसायकल गोठ्यात धूळ खात उभी होती. भाऊ म्हणाला, "भंगार हाय, नेतीस तर ने." मी माहेरी आलेली. तिथंच पदर खोचला आणि कार्बोरेटर उघडला. तळाच्या वाटीत जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला. वडिलांनी शिकवलं तसं पेट्रोल सोडणारं पितळेचं बारीक जेट ताज्या पेट्रोलात भिजवलं, काडी न खुपसता फुंकून मोकळं केलं.

पहिल्या किकला गाडी सुरू झाली. आवाज ऐकून भाऊ धावत आला. "बापाची आठवण हाय, घराबाहेर कशी जाऊ देऊ?"

म्हणजे मी घराबाहेरची.

हात धुतले, पिशवी उचलली आणि भर उन्हात मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागले. मागून भाऊ त्याच गाडीवर आला आणि न थांबता पुढं निघून गेला. मी इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकत राहिले. मेली कुठंच अडकली नाही.