विमलबाईंच्या हातचं पाणी

आमच्या महेंद्रला देवानं नाही, जिभेनं तारलं होतं. सोनईतल्या एका दुकानासाठी तो घरोघर पाण्याचे फिल्टर विकायचा. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र आणि बॅगेत दोन काड्यांचं एक यंत्र. एका ग्लासात फिल्टरच्या मशीनचं पाणी, दुसऱ्यात घरचं. काड्या बुडवून बटण दाबलं की मशीनचं पाणी तसंच राहायचं आणि घरचं तपकिरी व्हायचं. "हे तुम्ही पिता," एवढंच तो म्हणायचा. बाया तोंडाला पदर लावायच्या आणि नवऱ्याला हाक मारायच्या.

खरं काय ते त्याला ठाऊक होतं. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि काडीचं लोखंडच झिजून पाण्यात उतरतं; मशीन क्षार काढून टाकतं, म्हणून त्याचं पाणी तसंच राहतं. घाण काडीची आणि नाव पाण्याचं. चोर सोडून संन्याशाला फाशी. पण विक्री होत होती, म्हणून तो गप्प होता.

मग टार्गेट वाढलं आणि या शहाण्यानं ते यंत्र आमच्याच वस्तीत, विहाराच्या ओट्यावर उघडलं. पाणी वस्तीच्या विहिरीचं. गावची विहीर आम्हाला बंद होती तेव्हा महेंद्रच्या आजोबांनी चार जणांना घेऊन ती खणलेली. दर चौदा एप्रिलला आम्ही तिच्या कठड्याला चुना लावतो. ते पाणी आपल्याच पोराच्या हातून तपकिरी होताना सगळ्यांनी पाहिलं. कुणी मशीन घेतलं, कुणी जार लावला. काडीची गोष्ट तेव्हा मला माहीत नव्हती, तरी मला त्याचा राग आला होता.

त्याची चुलती विमलबाई तेवढी विहिरीवर जात राहिली. आई गेल्यावर हिनंच महेंद्रला वाढवलं होतं.

तिच्या नातवाच्या वाढदिवसाला सगळी वस्ती जमली. जेवणं झाल्यावर विमलबाई तांब्या घेऊन फिरू लागली. एकीनं पेल्यावर हात ठेवला, दुसरी म्हणाली तहान नाही. महेंद्रच्या बायकोनं, अश्विनीनं, पिशवीतून बाटली काढून लेकाला पाजली. महेंद्र समोरच बसला होता. म्हातारी तांब्या ठेवून भिंतीशी बसली.

माणसं पांगल्यावर तिनं त्याला जवळ बोलावलं. "म्हेंद्रा, मलाबी एक मशीन बसव. कंचं चांगलं, तूच निवड."

तुला तर हेच पाणी आवडतं ना, असं त्यानं कसंबसं विचारलं.

"मला ग्वाडच लागतंय रं. पर गावानं आपल्या हातचं पानी कदी पेलं न्हाई. आता आपली मानसंबी पीत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात येऊन बसला आणि सगळं ओकला. चहाला हात लावला नाही. आपल्याला स्वतःची शिसारी येते, म्हणाला. मला दया आली नाही. मी म्हणालो, "मला सांगून काय उपयोग? ज्यांना दाखवलंस त्यांना दाखव." नोकरी जाईल, तो म्हणाला. जाईल, मी म्हणालो.

रविवारी वंदनेनंतर तो ओट्यावर उभा राहिला. ग्लासात मशीनचं पाणी घेतलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि काड्या बुडवल्या. पाणी तपकिरी झालं. मग मान खाली घालून त्यानं सगळं सांगितलं. विहिरीचं पाणी सरकारी प्रयोगशाळेत तपासून घेऊ, ते चांगलं निघालं तर साधा कँडलचा फिल्टरही पुरेल, असंही म्हणाला. अश्विनी उठून घरी गेली.

विमलबाईनं विचारलं, "तुला पयल्यापास्नं ठाव हुतं?"

"व्हय, काकी."

ती घरी गेली. तो मागोमाग गेला आणि मीही. उंबऱ्यात उभं राहून त्यानं पाणी मागितलं. तिनं कळशीतून तांब्या भरला. त्यानं पेल्यासाठी हात पुढं केला, पण पेला आला नाही. तिनं तांब्या उंच धरला. मग त्याला समजलं. खाली बसून त्यानं ओंजळ धरली आणि ती वरून ओतू लागली, भांड्याला हात लागू न देता. तो प्यायला, अर्धं पाणी कोपरावरून गळालं. मान वर करायची त्याची हिंमत झाली नाही.

"तुज्या आज्याला गावात आसंच देत हुते," ती म्हणाली.