बिनदुधाचा मिस्त्री

लूमखाली कापसाचं भुसकट साठतं ना, तसे हे किस्से साठतात. सकाळी झाडून काढावं, तर संध्याकाळी पुन्हा तेवढाच ढीग. आणि मी कुणाची खोडी काढायला जात नव्हतो हो! चहाच्या सुट्टीत काहीतरी चटपटीत तोंडात टाकावं, एवढीच माझी मागणी. पण त्या दोन घासांसाठी मला अख्ख्या भिवंडीशी भांडावं लागलं.

आणीबाणीच्या आधीची दोन-तीन वर्षं. नारपोलीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात मी जॉबर होतो. जॉबर म्हणजे लूम अडला की ज्याच्या नावाने हाका सुरू होतात तो. सगळे मला मिस्त्रीच म्हणायचे. चहाला आम्ही तिघं एकत्र. मी, पडघ्याकडच्या खेड्यातून सायकल मारत येणारा दत्तू, आणि खलीलभाई. खलीलभाई यूपीचे. चार लूम एकटे सांभाळायचे आणि उरलेल्या वेळात माझी टिंगल करायचे.

टिंगलीला कारण होतं, ते आधी सांगतो.

शेठच्या मेव्हण्याचा म्हशींचा तबेला होता. तिथलं कडबा कापायचं मशीन बिघडलं म्हणून शेठने मला पाठवलं. धारेची वेळ होती. एका म्हशीपुढे रेडकू उभं होतं आणि ती त्याला चाटत होती. रेडकू काही हलेना. जवळ जाऊन बघतो तर नुसती कातडी! आत पेंढा भरलेला, पोटावर सुतळीने शिवलेलं. खरं रेडकू कधीच मेलं होतं. त्याचीच कातडी तिच्यापुढे उभी करून तिची धार काढत होते!

धार काढणारा म्हणाला, "इसके बिना दूध नहीं उतारती, मिस्त्री." आणि त्याच दुधाचा पेला त्याने माझ्यापुढे केला.

मी नाही प्यालो. त्या म्हशीकडे बघूनच ठरवलं, यापुढे माझ्या तोंडात कुठल्याही जनावराचं काही जाणार नाही. दूध गेलं, दही गेलं, तूप गेलं, अंडं गेलं. आगरी घरात जन्मलेला माणूस मी, माझी सुकटसुद्धा गेली! दूध सोडून बोंबील चावत बसलो असतो तर माझी मलाच लाज वाटली असती.

बायकोने आठ दिवस अबोला धरला. दुधासाठी नाही, सुकटीसाठी!

* * *

लोकांचा मला सगळ्यात जास्त राग यायचा तो एका प्रश्नाचा. "माळ घातली का?"

नाही घातली.

"मग डॉक्टरनी सांगितलं?"

नाही सांगितलं.

"मग नवस हाय?"

नाही हो नाही! माणूस आपल्या अकलेने एखादी गोष्ट सोडू शकतो की नाही? माळकऱ्याला सगळे मान देतात. उपासवाल्याला देतात. पोट बिघडलेल्यालासुद्धा देतात. आणि मी धडधाकट माणूस "दूध नको" म्हणालो की समोरचा माझ्या कपाळाला हात लावून बघणार!

धामणकर नाक्यावरच्या हॉटेलात मी वेटरला बजावून सांगितलं, "बिनदुधाचा चहा. दूध अजिबात नको." पंचवीस वर्षं चहा वाटलेला तो माणूस. मान डोलावून गेला आणि चांगला दाट, दुधाचा चहा घेऊन आला. वर साय.

"अहो, दूध नको म्हणालो ना?"

त्याने शांतपणे बोटाने साय उचलली, बोट फडक्याला पुसलं आणि म्हणाला, "घ्या. काढलं!"

* * *

कारखान्याच्या मागच्या गल्लीत एक बेकरी होती. दारावर पाटी, "असली मक्खन की खारी." खारीचा वास आमच्या खात्यात यायचा आणि माझा जीव कासावीस व्हायचा. कितीतरी दिवस मी त्या पाटीकडे बघून परत फिरत होतो.

एकदा न राहवून आत गेलो आणि बेकरीवाल्या चाचांना माझी अडचण सांगितली. चाचांनी इकडेतिकडे पाहिलं. मला भट्टीपाशी नेलं आणि कानाला लागून म्हणाले, "बेफिकर खाओ मिस्त्री. मैदा, नमक, वनस्पती. मक्खन का तो इस दुकान ने मुँह नहीं देखा."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पिशवी भरून खारी घेतली आणि बाहेर येता येता दारात थांबलेल्या दत्तूला खणखणीत आवाजात ओरडून म्हणालो, "दत्तू, चल खा! यात लोण्याचा थेंबसुद्धा नाही! चाचांनी स्वतः सांगितलं!"

काउंटरवर दहा-बारा गिऱ्हाइकं उभी होती. सगळ्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग पाटीकडे. मग चाचांकडे.

चाचांनी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. त्यानंतर मला त्या बेकरीची पायरी चढायची बंदी झाली. खोटं कुणी लिहिलं? त्यांनी. खरं कोण बोललं? मी. आणि बंदी कुणाला? मला! अख्ख्या गल्लीत मला चालणारी एकच खारी होती, तीही गेली.

खलीलभाईंना हा किस्सा इतका आवडला की ते दर शनिवारी मुद्दाम तिथली खारी आणून माझ्यासमोर खायचे. "बगैर मक्खन की है मिस्त्री, तुम्हारी कसम!"

* * *

फरसाणवाल्या शेठजींची तर वेगळीच तऱ्हा. मी दुकानात शिरून विचारलं, "यात जनावराचं काही नाही ना?" ते दुखावलेच. "आमच्याकडे? कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. एकदम शुद्ध!"

"पण मला कांदा, लसूण, बटाटा चालतो."

"चालतो?" ते एक पाऊल मागे सरकले.

"चालतो. तूप चालत नाही."

"कचोरीत चोख घरचं तूप आहे. तूप म्हणजे तर शुद्धात शुद्ध!"

अर्धा तास आमचं हेच. त्यांना चालतं ते मला नाही, मला चालतं ते त्यांना नाही. शेवटी दोघांना मान्य होईल असा एकच पदार्थ त्या दुकानात सापडला, तो म्हणजे खारे शेंगदाणे! शेठजी पुडी बांधता बांधता कळवळून म्हणाले, "कोणत्या धर्माचे आहात एवढं तरी सांगा."

* * *

राहता राहिली सुमनबाई. नाक्याच्या अलीकडे ती बटाटेवडे तळायची. बटाटा, बेसन, मिरची, तेल. यात कुणी काय घालणार? मी डोळे मिटून खायला लागलो. रोज दोन. वर ती नारळाची चटणी द्यायची. इतरांच्या चटणीपेक्षा माझी जरा पांढरी आणि आंबूस असायची, पण मला वाटायचं, बाई मला खोबरं जास्त घालते.

एक दिवस तिच्या सुनेने गाडी लावली होती. मला बघताच ती म्हणाली, "मिस्त्री ना तुम्ही? तुमची दह्याची चटणी येगली ठेवलीय."

दह्याची! तीन महिने मी दही खात होतो! दुसऱ्या दिवशी मी सुमनबाईपुढे जाऊन उभा राहिलो. "माझ्या चटणीत दही?" मी ओरडलो.

ती आपली शांत. "अरं, बगितलं नुसता हाडं झालास. बायको रडत व्हती माज्याकडं. अंगात काय जायाला नको?"

"पण मी सोडलंय ना!"

"तू दूध सोडलंस. दह्यानं तुजं काय घोडं मारलंय?"

आता हिच्याशी काय भांडणार? तरी मी भांडलो. पाऊण तास भांडलो. ती वडे तळत होती आणि मध्ये मध्ये म्हणत होती, "चटनी नको तर नको, वडा तरी खा, निवतोय." खाल्ला मी तो वडा. रागातच खाल्ला. फार चांगला होता.

* * *

खंडेनवमीला कारखान्यात लूमची पूजा झाली. शेठ स्वतः पेढे वाटत होते. मी हात जोडून म्हणालो, "नको."

"प्रसादाला नाही म्हणतोस?" शेठचा चेहरा पडला.

मी सांगायचा प्रयत्न केला. तबेला, म्हैस, पेंढा. पण तबेला त्यांच्याच मेव्हण्याचा, त्यामुळे मी जसजसं सांगत गेलो तसतसं प्रकरण जास्तच बिघडत गेलं!

दुसऱ्या दिवशी आठ नंबरचा लूम अडला. "पेढा नाकारला त्याचं फळ!" सगळे म्हणाले. अहो, त्या लूमचा बोल्ट दोन महिने ढिला होता, मी चार वेळा नवा मागितला होता! पण बोल्टाचं कोण ऐकतो? जाता-येता प्रत्येकजण मला एकच सांगायचा, पेढा खाऊन टाक, लूम चालू होईल. मी बोल्ट बदलला. लूम चालू झाला. तर दत्तू म्हणतो कसा, "देव मोटा हाय, माफ केला तुला."

* * *

आता शेवटचा. हा मी फारसा सांगत नाही.

आमच्याकडे साइझिंगवरून बीम यायचे, म्हणजे ताण्याचा उभा धागा गुंडाळलेले मोठे रूळ. साइझिंग म्हणजे जिथे ताण्याच्या धाग्याला खळ चढवतात, तो कारखाना. खळ चढली की धागा लूमवर टिकतो. त्या दिवशी आलेल्या बीमला वाटेत कुठेतरी मार बसला होता आणि पन्नास-साठ धागे तुटले होते. मी जोडायला बसलो. जोडायचं म्हणजे टोक ओठात धरायचं, थुंकीने ओलं करायचं, पीळ द्यायचा, गाठ मारायची आणि उरलेलं दाताने तोडायचं. भिवंडीत सगळे असंच करतात. पाण्याची वाटी घेऊन बसलेला जॉबर मी जन्मात पाहिला नाही.

बीम घेऊन आलेला साइझिंगचा माणूस नवा होता. दत्तू त्याला माझे किस्से ऐकवत होता. साय, खारी, चटणी, पेढा, सगळं. तो पोट धरून हसत होता. हसता हसता त्याची नजर माझ्याकडे गेली आणि तो थांबला.

"मिस्त्री," तो म्हणाला, "खळीत काय पडतंय म्हाईत हाय ना तुमाला?"

"पीठ," मी म्हणालो. ओठात धागा होता.

"पीठ हायच. पन धागा नरम राहावा म्हनून वरनं चरबी घालतात. जनावराची. डबेच्या डबे येतात आमच्याकडं."

दत्तूला हसू फुटत होतं, ते त्याने गिळलं. मी धागा ओठातून काढला आणि हातात धरून बसलो. तीन वर्षं साऱ्या भिवंडीला विचारत फिरलो, यात काय आहे, त्यात काय आहे. आणि दिवसभर तोंडात काय धरतो, ते एकदाही विचारलं नाही. मला इतका संताप आला, आणि तो कुणावर काढावा तेच कळेना. समोर पन्नास धागे लोंबत होते. लूम बंद. शेठ दारातून विचारत होते, "काय झालं? चालू का नाही?"

खलीलभाईंनी आपले चारही लूम बंद केले. चालू पाळीत स्वतःहून लूम बंद करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. लुंगीला हात पुसत ते आले आणि माझ्याशेजारी उकिडवे बसले. मला वाटलं, आता ऐकवणार काहीतरी.

त्यांनी माझ्या हातातला धागा काढून घेतला.

"हटो मिस्त्री," ते म्हणाले, "हमको चलता है."

आणि टोक तोंडात धरलं.