जिनातला एकटा बोलका

धुळ्याच्या आमच्या बहिऱ्या-मुक्या मुलांच्या शाळेत सगळ्यात मोठा गोंगाट वर्षातून एकदा व्हायचा, आणि तोही आवाज न करता. चैत्रात एकवीरेची यात्रा भरली की शाळा सोडून गेलेली पोरं आधी देवीला आणि मग आम्हाला भेटायला यायची. देवीकडे फार वेळ मोडत नसत. आमच्या व्हरांड्यात गोल करून बसत आणि वर्षभराच्या बातम्या हातांनी सांगायला लागत. एवढे हात एकदम सुरू झाले की त्या वाऱ्याने समोरच्या कडुनिंबाची पानं गळायची. खोटं वाटत असेल तर कडुनिंबाला विचारा, तो अजून उभा आहे.

त्या हातांतलं मला रुपयात दोन आणे कळायचं. आमच्या वर्गात हातांना बंदी होती. हात पाठीमागे बांधायचे आणि तोंडाने बोलायचं, हा त्या वेळच्या आमच्या विद्येचा पाया. पोरांचा तळवा माझ्या गळ्याला लावून मी 'ग' शिकवला, नाकाला लावून 'म' शिकवला आणि ओठांसमोर मेणबत्ती धरून 'प' शिकवला. 'फ' शिकवताना माझी अर्धी मिशी जळाली, ती पुन्हा कधी दुसऱ्या अर्धीच्या बरोबरीला आली नाही. हातांची भाषा पोरं आमच्या पाठीमागे आपली आपण शिकली, आणि तिच्यात त्यांनी आम्हाला नावंही ठेवली. नाक चिमटीत धरलं की मी. तपकिरीमुळे.

तर बातम्या. आग्रा रोडला शिवणयंत्र घेऊन बसणाऱ्याने एका वर्षी सांगितलं, की लग्न झालं, बायकोला शिंगं आहेत आणि ती सकाळ-संध्याकाळ दूध देते. मी त्याची पाठ थोपटली. लग्न व्हायचं होतं, म्हैस घेऊन झाली होती, हे मला दिवाळीत कळलं. टांगा हाकणाऱ्याने सांगितलं, की त्याचा घोडाही बहिरा आहे आणि दोघांचं उत्तम चाललंय. हे मी हसण्यावारी नेलं, तर ते खरं निघालं. आमचा स्वयंपाक करणारी अक्का दारात उभी राहून सगळा कारभार पाहायची आणि दर वर्षी तेच म्हणायची, "गुरुजी, बठ्ठा उनात. पीठ नही शे." म्हणजे सगळे आले आणि पीठ नाही. पीठ असायचं.

मी सांगतो आहे त्या वर्षी त्या गोलात दोघं जण एकमेकांच्या समोर बसले होते आणि बाकीच्यांच्या डोक्यावरून बोलत होते. मुलाच्या कपाळावर केसांचा भोवरा होता. कपाळावर बोट गरगर फिरवलं की तो, अशी त्याची खूण. जळगावला एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करतात त्या कारखान्यात, तो कामाला होता. मुलगी रावेरकडच्या एका केळीवाल्याची. शाळा सोडून तिला काही वर्षं झाली होती.

ती उठून माझ्याकडे आली. माझा तळवा ओढून तिने स्वतःच्या गळ्याला लावला, लहानपणी मी तिचा माझ्या गळ्याला लावायचो तसा. मग तोंडाने बोलली, "लग्न. हा." बोट भोवऱ्याकडे. "बाबा, नाही." आणि थोडं थांबून, "गुरुजी, चला."

एवढे पाच-सहा शब्द शिकवायला मला दोन वर्षं लागली होती. नाही म्हणायची सोय कुठे होती.

तिचे वडील दुसऱ्या दिवशी तिला न्यायला आले. भोवरा तोवर सकाळच्या एसटीने कामावर गेला होता. वडिलांना सगळे नाना म्हणत. हातात केळीचा घड, आणि घड एवढा की नानांनी घड आणला की घडाने नाना, हे मी नीट पाहून ठरवलं. बसल्या बसल्या म्हणाले, "गुरुजी, ते पोरगं मुकं हाय म्हनतात."

"कोण म्हणतं? नाना, माझ्या हातचं पोर आहे ते. वर्गात एकदा 'आई' म्हणालं तर बाहेर उभ्या टांग्याचा घोडा उधळला. नदीपलीकडे जाऊन धरावा लागला."

"म्हंजे बोलते?"

"बोलतो म्हणजे काय. मीच त्याला हळू बोल म्हणून सांगत असतो."

नानांनी एक केळं सोलून माझ्या हातात दिलं. "मले पोरीचीच काळजी. तिले ऐकू येत न्हाई, त्यालेबी न्हाई. घरात चोर शिरला तं?"

"तुमच्या घरात सगळ्यांना ऐकू येतं ना, नाना? मग मागच्या साली बैलजोडी कशी गेली?"

नाना मुलीकडे पाहू लागले. ही बातमी आदल्याच दिवशी व्हरांड्यात आली होती, आणि ती मला पहिल्या फेरीत कळलेल्या थोड्या बातम्यांपैकी होती. "ते अलग," नाना म्हणाले. "हे पाहा, यावलकडचं एक बिजवराचं ठिकान मी पाहून ठेवलं हाय. मानूस बोलका हाय. तुमचा मानूस माह्या कानानं ऐकू दे. तीन सबद बोलला तं पोरगी त्याची. न्हाई तं वैशाखात यावल."

त्या बिजवराला मी पुढे एका लग्नात भेटलो. बोलका होता. तो बोलायचा थांबेपर्यंत पंगत उठली होती.

"मग त्याला बोलावून घेतो," मी म्हणालो.

"बोलावू नका. बैल बाजारात पाहू नये, गुरुजी. औताले पाहावा. न सांगता जाऊ, काम करताना पाहू."

त्यांच्याकडची रीतच तशी. मी लगेच हो म्हणालो, आणि त्यात फसण्यासारखं काय आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही. मुलगी आमच्या ओठांकडे आळीपाळीने पाहत होती.

एसटीत ती पुढच्या बाकावर खिडकीशी बसली. एरंडोल येईपर्यंत मी नानांना त्या पोराचं बोलणं एवढं वर्णन करून सांगितलं, की मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, कीर्तन कुठे आहे, आम्हीही येतो.

जिनाच्या फाटकाशी तिला सावलीत बसवून आम्ही आत गेलो. आत पाऊल टाकलं आणि माझे कान गेले. हंगामाचा शेवट होता, सगळी यंत्रं सुरू होती. आवाज असा, की मनातल्या मनात रामराम म्हटला तर तोही ऐकू येईना. कापसाचे तंतू उडत होते आणि माणसं भुवयांपर्यंत पांढरी झाली होती. डोक्यांना फडकी बांधलेली. माझा भोवरा यातला कोणता, हे मला, त्याच्या गुरूला, सांगता येईना.

आणि त्या सगळ्या पांढऱ्या माणसांत एकही जण तोंड उघडताना दिसत नव्हता. पाणी हवं, तर अंगठा ओठाला. पट्टा निसटला, तर हाताची घसरगुंडी. मुकादम आला, तर मिशीला पीळ. त्या गोंगाटात कोण कशाला घसा फोडील? माणसं जन्मापासून मुकी असल्यासारखी सराईत हात हलवत होती. नानांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि त्यांना सगळे मुकेच दिसले. एवढ्यांत आपला जावई कोणता, असं त्यांनी मला विचारलं असावं. मी हात झटकले.

मग त्यांनी माझं कोपर दाबलं आणि बोट दाखवलं. एका यंत्रापाशी एक माणूस दोन्ही हातांनी कापसाची कवळ भरून उभा होता आणि शेजारच्याशी बोलत होता. तोंडाने. ओठ अगदी स्वच्छ हलत होते. अख्ख्या जिनात तो एकटा.

नानांनी मला ओढत बाहेर आणलं. बाहेर उन्हात सगळं शांत असणार, पण माझ्या डोक्यात आगगाडीची शिट्टी चालू होती. नानांचं तोंड हलत होतं, मला काही ऐकू येत नव्हतं. माझंही तोंड हलत होतं, त्यांना काही ऐकू येत नव्हतं. शेवटी दोघांनी हात काढले. नानांनी हात गोल फिरवला: सगळे. ओठांवर बोट ठेवून मान हलवली: मुके. मग एक बोट वर केलं आणि तोंडापुढे बोटांची चोच उघडझाक केली: एक तेवढा बोलका. मुलीकडे बोट, आणि हवेत गाठ मारली.

मुलगी सावलीतून उठून उभी राहिली होती. वडिलांचं सगळं बोलणं तिला एकदम कळण्याची ती पहिलीच वेळ असावी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर बोट फिरवलं. तोच का?

मला काय माहीत? तो मुकादम असला तर? दोन पोरांचा बाप असला तर? नाना गाठ मारून मोकळे झाले होते, आणि ती कुणाशी मारली हे आम्हा तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तपकिरीची डबी काढली आणि उगाच आत पाहत राहिलो.

जेवणाची सुटी झाली. माणसं बाहेर येऊन अंग झटकू लागली. त्या बोलक्याने डोक्याचं फडकं सोडलं, तोंड पुसलं, आणि कपाळावर भोवरा निघाला.

आता कळायला सोपं वाटतं. दोन्ही हात कापसात गुंतलेले, मग त्याने आमच्या वर्गातला नियम पाळला, तोंडाने बोलला. यंत्र चालू काय आणि बंद काय, त्याला सारखंच.

मला पाहून त्याने आधी नाक चिमटीत धरलं, मग नाना दिसले आणि हात खाली आला. मी माझ्या ओठांकडे बोट केलं: बोल. मुलगी त्याच्या ओठांकडे पाहत होती. त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले, पाय जुळवले, छाती भरली आणि तोंड उघडलं. मानेची शीर फुगली. ओठ हलले, मिटले, परत हलले. 'न' होता, 'म' होता, पुढे 'ना' असावा. नानांनी कानामागे हात धरला. मीही धरला. माझ्या डोक्यात आगगाडी भुसावळला पोचत होती.

भोवती जमलेली माणसं जिनातूनच आलेली. फाटकाशी एक टांगा होता, त्याचा घोडा हलला नाही. पण तो रोज जिनाच्या दारात उभा राहणारा घोडा, त्याची साक्ष काय धरायची.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्याचं बोलणं आपल्या कानांनी तपासायला निघालेला माणूस, मला ऐकू आलं नाही असं चारचौघांत कसं म्हणेल? मी तीन बोटं वर केली. नानांनी मान डोलावली आणि पिशवीतलं एक केळं काढून भोवऱ्याच्या हातात ठेवलं.

वैशाखात लग्न झालं, यावलला नाही. पहिल्या वर्षी नाना पारावर सांगत, की जावई 'नमस्कार नाना, या' म्हणाला. पुढे त्यात तब्येतीची चौकशी आली, मग केळीचा भाव आला. माझ्या सांगण्यात घोडा उधळतो. आम्ही कधी एकमेकांचं खोडलं नाही.

दोन-तीन यात्रा गेल्या आणि ती दोघं कडेवर पोर घेऊन व्हरांड्यात आली. पोर आजोबावर गेलेलं, त्याचं तोंड मिटेना. मी भोवऱ्याला विचारलं, त्या दिवशी खरंच आवाज निघाला होता का? त्याने स्वतःच्या गळ्याला तळवा लावून पाहिला, जणू तिथे काही उरलं असेल. मग त्याने बायकोला विचारलं. तिने खांदे उडवले आणि नाक चिमटीत धरून माझ्या कानांकडे बोट केलं. तुम्हीच होतात की तिथे, कान घेऊन.

सगळा गोल माझ्याकडे पाहू लागला. तोंडाने सांगून भागलं नसतं, म्हणून मी हातांनी सांगितलं: हा बोलला, घोडा उधळला, पार नदीपलीकडे गेला. सांगून होताच सगळ्यांचे हात आनंदाने उडाले आणि जो तो भोवऱ्याची पाठ थोपटू लागला.

भोवऱ्याने घोडा घेतला, असं माझ्या हातांवरून त्यांना कळलं होतं. टांगेवाला पुढच्या यात्रेला तो घोडा पाहायला आला होता.